उबदार हातपाय आणि चढतं लॅक्टेट: लेप्टोच्या एका रुग्णाचं प्रकरण

लॅक्टेट म्हणजे पेशी साखर फोडतात तेव्हा तयार होऊन रक्तात येणारा पदार्थ. आयसीयूत त्याचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. दोनच्या (मिलिमोल प्रति लिटर) खाली ठीक, चारच्या वर गंभीर. पण तो आकडा वर गेला की नेमकं काय करायचं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना त्याचा अर्थ काय सांगायचा, इथे मात्र गोंधळ होतो. कोकणातल्या एका छोट्या आयसीयूत हे दोन्ही प्रश्न एकाच रात्री उभे राहिले, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे. रुग्णाची ओळख पटू नये यासाठी वय, गाव आणि काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

जुलै महिना, भातलावणीचे दिवस. रुग्ण ४६ वर्षांचे शेतकरी, वजन साधारण ६० किलो. मधुमेह नाही, ब्लडप्रेशरच्या गोळ्या नाहीत, दारू नाही. पाच दिवस ताप, डोळे लाल, आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की जमिनीवर पाय टेकवेना. पहिले तीन दिवस गावातच गोळ्या आणि सलाईन झालं. लावणीत दिवसदिवस चिखलात उभं राहणाऱ्या आणि पायांना भेगा असलेल्या माणसाला असा ताप आला, तर कोकणातला कोणताही डॉक्टर आधी लेप्टोस्पायरोसिसचा (लेप्टो, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा जिवाणूंचा संसर्ग) विचार करतो. म्हणूनच या काळात जोखमीच्या भागांत डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या जातात. यांच्यापर्यंत त्या पोचल्या नव्हत्या की घेतल्या गेल्या नव्हत्या, हे घरच्यांनाही नीट सांगता आलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तालुक्याच्या एका रुग्णालयात नेलं. बीपी ९०/६०, प्लेटलेट ४८,०००, क्रिएटिनिन २.९ (मूत्रपिंड बिघडलेलं), बिलिरुबिन ६ (यकृतही बिघडलेलं). तिथल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता सेफ्ट्रिअॅक्सोन आणि डॉक्सीसायक्लिन सुरू केलं, एक लिटर सलाईन दिलं आणि पुढे पाठवलं. अँटिबायोटिकचा पहिला डोस तिथेच पडला, याचं श्रेय त्यांचंच. या रुग्णाच्या बाबतीत ती सर्वांत मोलाची गोष्ट होती.

दुपारी अडीचला रुग्ण आमच्याकडे आले. नाडी १२८, बीपी ७८/४४, श्वास मिनिटाला ३२, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ९१. हातपाय गार, दोन्ही गुडघ्यांवर जाळीदार निळसर डाग. तर्जनीच्या टोकावर काचेची स्लाइड दहा सेकंद दाबून सोडली, तर रंग परतायला सहा सेकंद लागले. तीन सेकंदांच्या आत तो परतायला हवा. एबीजी मशीनवर (रक्तातले वायू आणि आम्लता जागेवरच मोजणारं यंत्र) पीएच ७.२९, बायकार्बोनेट १५, लॅक्टेट ५.६.

पहिला पेच: ३४ की ५.६?

संदर्भपत्रावर लिहिलं होतं, ‘लॅक्टेट ३४’. पुढे एकक नाही. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि ते जरा निश्चिंत झाले: ३४ वरून ५.६ म्हणजे एका लिटर सलाईनने चांगलाच फरक पडला. आयसीयूतल्या सिस्टरनी तिथेच टोकलं. “सर, ३४ असतं तर हे इथवर आले असते का? बाहेरच्या लॅबचे रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये येतात.”

त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे बऱ्याच लॅब लॅक्टेट मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, तर एबीजी मशीन मिलिमोल प्रति लिटरमध्ये. मिलिग्रॅमच्या आकड्याला नऊने भागलं की मिलिमोल मिळतात. ३४ म्हणजे ३.८. म्हणजे सकाळी नऊला ३.८ आणि दुपारी अडीचला ५.६. लॅक्टेट कमी झालेलं नव्हतं, साडेपाच तासांत दीडपट झालं होतं.

आम्ही त्या रुग्णालयाला फोन केला. रक्त साध्या बल्बमध्ये घेतलं होतं आणि दुचाकीवरून शहरातल्या लॅबमध्ये गेलं होतं. हे महत्त्वाचं आहे, कारण बल्बमधल्या लाल पेशी जिवंत असतात. त्या साखर वापरत राहतात आणि लॅक्टेट बनवत राहतात. म्हणून नमुना फ्लोराइडच्या राखाडी टोपणाच्या बल्बमध्ये, बर्फावर ठेवून लगेच पाठवावा लागतो, नाहीतर सरळ एबीजी मशीनवर लावावा लागतो. साध्या बल्बमध्ये वेळ गेला की आकडा फुगतो. म्हणजे सकाळचं खरं लॅक्टेट ३.८ पेक्षाही कमी असणार आणि दुपारपर्यंतची चढ दिसते त्याहून तीव्र. एका एककाने रुग्णाची दिशाच उलटी दाखवली होती. आकड्यांच्या भरवशावर तासभर वाट पाहिली असती, तर तो तास महागात पडला असता.

पहिले सहा तास

इथे फार विचार करण्यासारखं काही नव्हतं. मानेतल्या शिरेत सोनोग्राफीखाली लाइन टाकली, बीपी वाढवणारं नॉरअॅड्रिनलिन लगेच सुरू केलं, पेनिसिलिन की सेफ्ट्रिअॅक्सोन यावर वाद न घालता आधीचंच चालू ठेवलं. सलाईनबाबत मात्र सावध होतो. सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या) उपचारांसाठीच्या २०२१ च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस मार्गदर्शिकेत पहिल्या तीन तासांत किलोमागे निदान ३० मिली द्रव सुचवलं आहे. यांना ते १८०० मिली होत होतं आणि एक लिटर आधीच गेलं होतं. लेप्टोत फुप्फुसात रक्तस्राव होण्याची भीती असते आणि दोन्ही बाजूंना तळाशी करकर ऐकू येऊ लागली होती. म्हणून रिंगर लॅक्टेट २५० मिलीच्या टप्प्यांत दिलं आणि प्रत्येक टप्प्यानंतर छाती, बोट आणि बीपी पुन्हा पाहिलं. असे चार टप्पे दिले. दोन्हीकडचं मिळून दोन लिटर झालं, म्हणजे मार्गदर्शिकेतलं प्रमाण पूर्ण.

“रिंगर लॅक्टेट दिलं तर लॅक्टेट वाढणार नाही का?” हा प्रश्न दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतो आणि विचारायलाच हवा. त्या बाटलीत लिटरमागे साधारण २८ मिलिमोल लॅक्टेट असतं. पण शरीर ते पटापट वापरून टाकतं. नेहमीच्या प्रमाणात दिलं तर रक्तातला आकडा फारसा हलत नाही. नमुना मात्र सलाईन चालू असलेल्या हातातून घ्यायचा नाही. यकृत पार निकामी झालेल्या रुग्णात वेगळा विचार करावा लागतो, पण यांचं यकृत तेवढं बिघडलेलं नव्हतं.

साडेचारला लॅक्टेट ४.५. दोन तासांत साधारण २० टक्के उतार. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या आयसीयूंत झालेल्या एका चाचणीत नेमकं हेच उद्दिष्ट धरलं होतं: दर दोन तासांनी २० टक्के घट, पहिल्या आठ तासांसाठी. रात्री आठला ४.१. उतार मंदावला होता, पण दिशा बरोबर होती. मीन प्रेशर (सरासरी रक्तदाब) ६५ च्या वर, बोटाचा रंग परतायला चार सेकंद, लघवी थोडी वाढलेली.

रात्रीची अडचण

साडेआठच्या सुमारास बीपी पुन्हा घसरू लागलं. नॉरअॅड्रिनलिन वाढवत ०.३ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिटापर्यंत गेलं. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड सुरू केलं. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदय नीट आकुंचन पावत होतं. अशा वेळी दुसरं औषध म्हणून व्हॅसोप्रेसिन द्यायचं, पण त्या रात्री आमच्या औषध दुकानात ते नव्हतं. पावणेनऊला अॅड्रिनलिनची ड्रिप लावावी लागली. बीपी सावरलं.

साडेअकराचं लॅक्टेट ६.२. आले तेव्हाही इतकं नव्हतं.

आयसीयूतलं वातावरण एका क्षणात बदललं. तरुण डॉक्टरांचं मत होतं की शॉक (अवयवांना रक्तपुरवठा कमी पडणं) वाढतोय, आणखी एक लिटर द्यावं. ते बाहेर गेले आणि घरच्यांना सांगून आले: “लॅक्टेट वाढलंय. चान्सेस कमी आहेत.” थोड्या वेळाने थोरला मुलगा दाराशी आला. “डॉक्टरानू, बाबांका घराक न्हेवया काय?” बाहेर गाडीची चौकशीही सुरू झाली होती. ज्यांनी ही वेळ पाहिली आहे त्यांना माहीत आहे की या प्रश्नात बेफिकिरी नसते. वाचणार नसेल तर माणूस स्वतःच्या घरात जावा, एवढीच इच्छा असते. म्हणूनच त्या क्षणी आपण काय बोलतो यावर फार काही अवलंबून असतं.

आकड्याचा अर्थ लावताना

लॅक्टेट आणि गंभीर आजार यांचं नातं जुनं आहे. १८४३ मध्ये जर्मन वैद्य शेरर यांनी बाळंतज्वराने दगावलेल्या स्त्रियांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल असल्याची नोंद केली. १९६४ मध्ये ब्रोडर आणि वाइल यांनी शॉकच्या रुग्णांत लॅक्टेट जितकं चढलेलं तितकी जगण्याची शक्यता कमी, हे मांडलं. २०१६ च्या व्याख्येत तर सेप्टिक शॉक म्हणायलाच दोनच्या वरचं लॅक्टेट लागतं: पुरेसं द्रव देऊनही प्रेशर टिकवायला औषध लागतंय आणि लॅक्टेट दोनच्या वर आहे, अशा रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक. धोका ओळखण्यासाठी हा आकडा खरोखर उपयोगाचा आहे, यात मला शंका नाही.

पण लॅक्टेट चढण्याला एकच कारण नसतं. पेशींना ऑक्सिजन पोचला नाही तर ते चढतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अॅड्रिनलिन स्नायूंमधल्या बीटा-२ ग्राहकांना चेतवून साखर फोडण्याचा वेगच वाढवतं. ऑक्सिजन मुबलक असला तरी लॅक्टेट तयार होत राहतं. दम्यात भरपूर साल्ब्युटामॉल दिल्यावर दिसतं ते हेच. दुसऱ्या बाजूला, तयार झालेलं लॅक्टेट संपवण्याचं बहुतांश काम यकृत करतं, उरलेलं बरंचसं मूत्रपिंड. या रुग्णात दोन्ही आजारी. शिवाय आतड्याचा रक्तपुरवठा तुटणं, झटके, थायमिनची (जीवनसत्त्व बी-१) कमतरता, मधुमेहाचं औषध मेटफॉर्मिन अशी आणखी कारणं असतात.

म्हणून आकडा बाजूला ठेवून आम्ही पुन्हा रुग्णाकडे गेलो. गुडघ्यांवरचे डाग गेले होते. तळपाय उबदार. बोटाचा रंग अडीच सेकंदांत परतला, तीनदा करून पाहिला. गेल्या दोन तासांत लघवी ताशी ४०-५० मिली. मानेतल्या लाइनमधून घेतलेल्या रक्तात ऑक्सिजन सॅच्युरेशन ७४ टक्के, आणि शिरेतल्या व धमनीतल्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबात फरक फक्त ४; दोन्ही रक्तप्रवाह पुरेसा असल्याच्या खुणा. पोट मऊ, दाबल्यावर दुखत नव्हतं. झटके नव्हते. ग्लुकोज मात्र १४८ वरून २३२ वर गेलं होतं, सलाईनमध्ये साखर नसताना. अॅड्रिनलिनचा हा दुसरा ठसा.

आणि छाती? थुंकीत रक्ताच्या रेषा होत्या. एक्सरेत दोन्ही फुप्फुसांवर ठिपके.

पर्याय

आणखी एक लिटर द्रव देण्याच्या बाजूने एकच गोष्ट होती, लॅक्टेट. विरोधात फुप्फुसं होती, आणि रक्तप्रवाह सुधारल्याच्या बाकी सगळ्या खुणा होत्या. २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीचा इथे विचार करावा लागतो. दक्षिण अमेरिकेतल्या ५ देशांतल्या ४२४ रुग्णांपैकी अर्ध्यांवर बोटाच्या कॅपिलरी रिफिलनुसार (दाबून सोडल्यावर रंग परतायला लागणाऱ्या वेळेनुसार) आणि अर्ध्यांवर लॅक्टेटनुसार उपचार केले. २८ दिवसांतले मृत्यू रिफिलच्या गटात ३४.९ टक्के, लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात हुकला, म्हणून रिफिल श्रेष्ठ असं ठामपणे म्हणता येत नाही. पण लॅक्टेट खाली आणण्यासाठी द्रव ओतत राहावं, याला त्यातून आधार मिळत नाही, हे नक्की.

अॅड्रिनलिन आणखी वाढवणं म्हणजे संशयिताच्याच हाती कारभार देणं. मोठ्या केंद्रात त्याच रात्री हलवायचं तर पावसात अडीच-तीन तासांचा घाटाचा रस्ता, रक्ताळलेली थुंकी आणि दोन ड्रिप. पर्याय खुला ठेवला, पण तेव्हा नाही.

उरलेला पर्याय असा होता: द्रव थांबवायचं, व्हॅसोप्रेसिन कुठूनही मिळवून अॅड्रिनलिन कमी करत बंद करायचं, आणि दोन तासांनी लॅक्टेट पुन्हा पाहायचं. अंदाज बरोबर असेल तर आकडा उतरायला हवा. अॅड्रिनलिन कमी होऊनही तो चढत राहिला, किंवा बोट पुन्हा गार पडलं, तर अंदाज चुकला असं धरून पोटाचं सीटी आणि स्थलांतर यांकडे वळायचं. अशी अट आधीच ठरवून ती शीटवर लिहिली. मध्यरात्री थकलेल्या माणसांनी घेतलेला निर्णय कधी मागे घ्यायचा, हे निर्णय घेतानाच ठरलेलं बरं.

घरच्यांशी बोलणं

मुलाला आत बोलावलं, वडिलांच्या पायाला हात लावायला सांगितला. दुपारी हेच पाय त्याने गार पाहिले होते. मग त्याच्या रोजच्या कामातलंच उदाहरण दिलं. खाचरात पाणी चढलं तर पाऊस वाढला असेल, नाहीतर बांधाची मोरी तुंबली असेल. पाणी किती चढलं एवढ्यावरून कारण कळत नाही, बांधावर जाऊन बघावं लागतं. तुमच्या बाबांच्या रक्तातला तो आकडा एका औषधामुळे चढल्यासारखा वाटतोय, आणि यकृत आजारी असल्यामुळे तो हळू उतरेल. ते औषध आम्ही बदलतोय. जिवाला धोका आहे, तो मी लपवत नाही. पण आज रात्री हा आकडा पाहून घरी नेण्याचा निर्णय घेऊ नका. पहाटे चारला मी पुन्हा तुमच्याशी बोलेन.

टक्केवारी सांगितली नाही. शंभरातले चाळीस जण दगावतात, हा आकडा शंभर रुग्णांच्या गटाबद्दल असतो. समोरचा माणूस त्या चाळिसांत आहे की उरलेल्या साठांत, हे एका लॅक्टेटवरून कोणालाच सांगता येत नाही. घरच्यांनी मात्र ‘चान्सेस कमी’ हे शब्द ऐकून ते आधीच ठरवून टाकलेलं असतं.

पुढे काय झालं

सव्वाबाराला दुसऱ्या एका रुग्णालयातून व्हॅसोप्रेसिन आलं. मिनिटाला ०.०३ युनिटने सुरू करून अॅड्रिनलिन दोन तासांत बंद केलं. थायमिनही दिलं. कमतरतेचा ठोस पुरावा नव्हता, पण पाच दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या माणसाला ते देण्यात तोटा नव्हता. मास्कने श्वासाला आधार दिला आणि नळी टाकण्याची तयारी शेजारी ठेवली. ती वापरावी लागली नाही.

दीड वाजता लॅक्टेट ५.९. फारसा फरक नाही, पण चढ थांबली होती. चारला ४.४. मुलाशी ठरल्याप्रमाणे बोललो. सकाळी आठला ३.१, संध्याकाळी २.६. त्यानंतर मात्र दोन दिवस ते २.३ ते २.६ मध्येच रेंगाळलं. त्याच काळात बिलिरुबिन १४ वर गेलं होतं. यकृताकडून निचरा मंदावलाय, हे धरून आम्ही त्या रेंगाळण्यामागे लागलो नाही. लॅक्टेट तपासणं सहा तासांवर, मग बारा तासांवर नेलं. प्रत्येक कार्ट्रिजचे पैसे याच घरातून जाणार होते. क्रिएटिनिन वाढत गेल्यामुळे डायलिसिस करावं लागलं. लेप्टोची रक्तचाचणी (आयजीएम एलायझा) पॉझिटिव्ह आली. चौथ्या दिवशी लॅक्टेट दोनच्या खाली, प्रेशरची औषधं बंद. बाराव्या दिवशी रुग्ण चालत घरी गेले.

वेगळं काय करता आलं असतं

संदर्भपत्रावर लॅक्टेटपुढे एकक, नमुना घेतल्याची वेळ आणि बल्बचा प्रकार असता, तर पहिला पेच आलाच नसता. आमच्याकडे रुग्ण पाठवणाऱ्या रुग्णालयांना आता या तीन रकाने असलेला छापील कागद दिला आहे.

आमच्या शीटवर लॅक्टेट एका पानावर आणि ड्रिपच्या नोंदी दुसऱ्या पानावर होत्या. पावणेनऊला अॅड्रिनलिन आणि साडेअकराला ६.२, हे दोन्ही एकाच ओळीत दिसलं असतं तर शंका आधीच आली असती. आता लॅक्टेटच्या शेजारच्याच रकान्यात बोटाचा रिफिल, ग्लुकोज आणि चालू असलेली प्रेशरची औषधं लिहिली जातात. अॅड्रिनलिन सुरू करतानाच ‘आता लॅक्टेट चढू शकतं’ असं सगळ्यांना सांगून ठेवणंही सोपं होतं. म्हणजे तरुण डॉक्टर घाबरले नसते आणि तो आकडा दाराबाहेर तसा गेला नसता. रात्रपाळीत नातेवाइकांशी कोणी एकानेच बोलावं, हा नियम त्यानंतर केला. व्हॅसोप्रेसिनच्या काही कुप्या पावसाळाभर फ्रिजमध्ये असतात.

एक प्रश्न मात्र मोकळाच आहे. साडेअकराला बोटाचा रंग अडीचऐवजी चार सेकंदांनी परतला असता, आणि बाकी सगळं तसंच असतं, तर? तेव्हा अॅड्रिनलिनवर ठपका ठेवून थांबण्याचं धाडस मी केलं नसतं. पाय उचलून इकोमध्ये हृदयातून बाहेर पडणारं रक्त वाढतं का ते पाहिलं असतं, वाढलं असतं तर फुप्फुसांची जोखीम घेऊनही २५० मिली दिलं असतं, श्वासनलिकेत नळी आधीच टाकून घेतली असती, आणि घाटातल्या त्या रस्त्याचा विचार पहाटेपर्यंत पुढे ढकलला नसता. त्यातल्या कोणत्या पावलाने रुग्णाचं भलं झालं असतं आणि कोणत्या पावलाने नुकसान, यावर आमच्या चर्चेत अजूनही एकमत नाही.